मागे पडलेली मालिका कशी गाठावी: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

गोव्यात मालिका मागे पडायला कारण शोधावं लागत नाही. चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं, टीव्ही असलेल्या खोलीत गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली. जत्रेच्या मोसमात रात्री देवळाच्या मांडवात नाटक असतं आणि नाटक सोडून मालिका बघत घरी बसणारा गोंयकार मला अजून भेटायचा आहे. त्यात हॉटेलात, विमानतळावर किंवा वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी माणसं. संध्याकाळी सात ते साडेदहा हा मालिकांचा खरा वेळ, आणि नेमका तोच त्यांच्या हाती नसतो. पंधरा दिवसांनी टीव्हीसमोर बसावं तर नायिकेचं लग्न मोडलेलं, खलनायिका देवघरात हात जोडून उभी, आणि सोफ्यावर एक असा माणूस बसलेला की तो कोण हेच कळत नाही.

आजवर मालिका फक्त टीव्हीवर, ठरल्या वेळी पाहिली आणि आता सुट्टीच्या दिवशी किंवा बसमध्ये मोबाइलवर मागचं भरून काढायचं आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: सगळे भाग पाहायचे नसतात. रोजची मालिका कशी बांधलेली असते हे एकदा ध्यानात आलं की महिन्याभराची कथा एका रविवारच्या दुपारी गाठता येते. ते न कळता पहिल्या चुकलेल्या भागापासून ओळीने बघायला बसलात, तर तुम्ही बघेपर्यंत मालिका आणखी पुढे गेलेली असेल.

हिशेबच करा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळल्या तर साधारण २२ मिनिटांचा मजकूर उरतो. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या आसपास भाग होतात, म्हणजे ११० तास. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ ला संपली. जवळजवळ पाच वर्षं! ती सगळी बघायला कोणी नोकरी सोडू नये.

आधी वाहिनी आणि ॲपची सोयरीक जुळवा

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. मालिकेचं नाव माहीत असतं, वाहिनीही माहीत असते, पण ती मोबाइलवर कुठे सापडते हे माहीत नसतं. ‘झी मराठी’च्या मालिका ‘झी५’वर असतात. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ म्हणून सुरू झालेली हीच वाहिनी, त्यामुळे तिच्या खूप जुन्या मालिकाही शोधायच्या तर आधी तिथेच शोधाव्यात. ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ या दोन्हींचा मुक्काम आता ‘जिओहॉटस्टार’वर आहे. ‘सोनी मराठी’साठी ‘सोनी लिव’, ‘सन मराठी’साठी ‘सन नेक्स्ट’.

‘कलर्स मराठी’वाल्यांना थोडं जास्त समजावून सांगावं लागतं. ही पूर्वीची ‘ई टीव्ही मराठी’, २०१५ मध्ये तिचं नाव बदललं. तिच्या मालिका आधी ‘वूट’वर होत्या, मग ‘जिओसिनेमा’वर गेल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जिओसिनेमा’ आणि ‘हॉटस्टार’ एक होऊन ‘जिओहॉटस्टार’ झालं. त्यामुळे कोणाच्या जुन्या फोनवर अजून ‘वूट’चं चित्र असेल आणि ते उघडत नसेल, तर फोन बिघडलेला नाही. ते काढून टाका.

दूरदर्शन सह्याद्रीची आवड असणाऱ्यांसाठी प्रसारभारतीचं ‘वेव्हज’ आहे. ते सुरू झालं तेच मुळी आपल्या गोव्यात, नोव्हेंबर २०२४ च्या इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला. पणजीत एवढा गाजावाजा होऊनही माझ्या ओळखीतल्या फार थोड्या लोकांच्या फोनवर ते दिसतं.

पैशाचं एकच सांगते. सगळी ॲपं एकदम घेऊ नका. एका वेळी एक मालिका गाठायची असते, म्हणजे एका वेळी एकच ॲप लागतं. वर्षाचा प्लॅन घेण्याआधी महिन्याचा घ्या. त्याहीआधी तुमच्या मोबाइल रिचार्जमध्ये किंवा घरच्या वायफायच्या प्लॅनमध्ये यातलं काही फुकट मिळतंय का ते बघा. पुष्कळांना मिळत असतं आणि त्यांनी ते कधी चालूच केलेलं नसतं. घरात आधीच कोणाकडे वर्गणी असेल तर तुमच्या फोनवर तेच खातं चालतं का तेही विचारून घ्या. मात्र एका खात्यावर एका वेळी किती पडदे चालतात याला मर्यादा असते. तुम्ही बसमध्ये मालिका लावाल आणि घरी नातवाचा क्रिकेट सामना बंद पडेल, मग संध्याकाळी ऐकून घ्यावं लागेल.

मालिका शोधताना

ॲपमध्ये गेल्या गेल्या भाषेच्या यादीत मराठी निवडा, नाहीतर हिंदी मालिकांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. नाव देवनागरीत टाकून सापडलं नाही तर रोमन अक्षरांत टाका, आणि पूर्ण नाव टाकू नका. ‘ठरलं तर मग’ शोधायला पहिला शब्द पुरतो. रोमनमध्ये या नावांचं स्पेलिंग प्रत्येकाच्या मनासारखं असतं, म्हणून जितकं कमी टाकाल तितकं बरं.

कथा ओळखीची वाटून चुकीच्या मालिकेत शिरायचाही धोका असतो. ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदीतली ‘अनुपमा’ या दोघींचं मूळ एकच, बंगाली ‘श्रीमोयी’. दोन्ही मालिका एकाच ॲपवर. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, घरासाठी खपणारी बाई, तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं सारखंच सुरू होतं. पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात, तेव्हा एकीची कथा वाचून दुसरीचा अंदाज बांधायला जाऊ नका.

आपण कुठे थांबलो होतो?

‘दोनेक महिन्यांपूर्वी बघत होते’ एवढ्यावर भाग सापडत नाही. इथे सण कामाला येतात. मराठी मालिका कॅलेंडर धरून चालते. वटपौर्णिमेला नायिका वडाला फेऱ्या मारते, श्रावणात मंगळागौर, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, पाडव्याला गुढी. तुम्हाला शेवटचं आठवतंय त्या भागात घरात गणपती बसला होता का? मग यादीत त्या वर्षीच्या गणपतीच्या तारखांपाशी जा. भागांच्या यादीत प्रत्येक भागाखाली सहसा तारीख असते, आणि यादी बहुधा नवीन भाग वर ठेवून लावलेली असते, म्हणजे खाली जायचं.

तारखेच्या आसपास पोचलात की कोणताही भाग पूर्ण लावू नका. शेवटची दोन मिनिटं लावा. भाग जिथे संपतो तो प्रसंग आठवला तर तुम्ही हा पाहिलेला आहे, पुढच्यावर जा. आठवला नाही की तिथून तुमचं काम सुरू. पाचेक मिनिटांत नेमकी जागा हाती लागते.

आता खरं काम: कोणते भाग बघायचे

रोजच्या मालिकेचं पोट टीआरपीवर चालतं. प्रेक्षकसंख्येचे आकडे बार्क ही संस्था आठवड्याच्या हिशेबाने काढते आणि ते गुरुवारी बाहेर येतात. आठवडा हेच मोजमाप असल्याने लेखकही आठवड्याचाच विचार करतो. सोमवारी लोक परत यायला हवेत म्हणून शनिवारी काहीतरी अर्धवट सोडायचं. कोणाच्या तरी हाती पत्र लागतं, कोणीतरी दार उघडतं, कोणीतरी जिन्यावरून पडतं. सोमवारी त्याचा निकाल लागतो, बहुतेक वेळा फुसका. पत्र वाचण्याआधीच पाण्यात पडतं. मंगळवार ते गुरुवार पात्रं त्याच गोष्टीवर खोलीखोलीत जाऊन बोलत राहतात, आणि शुक्रवारपासून पुढच्या शनिवारची जमवाजमव.

म्हणून मागे पडलेल्या माणसाने शनिवारचा भाग पूर्ण बघावा, सोमवारचा पहिला अर्धा बघावा, आणि मधल्या दिवसांची फक्त शेवटची तीन-चार मिनिटं बघावीत, म्हणजे शेवटचा प्रसंग आणि त्यानंतर येणारी उद्याच्या भागाची झलक. तीन आठवड्यांचे अठरा भाग ओळीने बघितले तर साडेसहा तास जातात. या पद्धतीने सव्वादोन-अडीच तासांत उरकतं, आणि काही महत्त्वाचं राहिलं असं सहसा होत नाही. मालिका रविवारीही असेल तर शनिवारऐवजी रविवार धरा.

याला अपवाद महाएपिसोडचा. एक किंवा दोन तासांचा विशेष भाग लावला म्हणजे वाहिनीला तिथे काहीतरी मोठं घडवायचं आहे: लग्न, सत्य उघडकीला येणं, कोणाचा तरी मृत्यू किंवा मेलेल्याचं परतणं. तो पूर्ण बघा. महासंगमाचं मात्र उलटं. दोन मालिकांची कुटुंबं एकत्र येऊन हळदीकुंकू करतात, नाचतात, आणि दुसऱ्या मालिकेची जाहिरात होते. तुम्ही ती दुसरी मालिका बघत नसाल तर महासंगम बिनधास्त वगळा.

कोणता विशेष भाग कधी लागला हे कळायला एक जागा आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक आहे: मराठी विकिपीडिया. तिथे मालिकांच्या पानांवर ‘विशेष भाग’ नावाचा मथळा असतो. त्याखाली एकेका ओळीत काय घडलं आणि पुढे कंसात तारीख. कोणी तरी निष्ठेने वर्षानुवर्षं भरत आलेलं आहे. सगळ्याच मालिकांची पानं सारखी भरलेली नाहीत, पण लांब चाललेल्या मालिकांना ही यादी म्हणजे सोनं आहे. त्या ओळी वरून खाली वाचल्या की चार वर्षांचा सांगाडा दहा मिनिटांत समोर उभा राहतो, आणि ज्या ओळीवर ‘हे कसं झालं?’ असा प्रश्न पडेल त्या तारखेचा भाग काढून बघायचा. शेवटही तिथेच लिहिलेला असू शकतो, तेव्हा ज्यांना आधी कळलेलं चालत नाही त्यांनी पान खालपर्यंत सरकवू नये.

लीप आलेली मालिका असेल, म्हणजे कथेने एकदम काही वर्षांची उडी घेतली असेल, तर वाचलातच समजा. लीपच्या आधीच्या शेवटच्या आठवड्याचे भाग बघायचे आणि नंतरच्या पहिल्या आठवड्याचे. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्ये तर कथा पंचवीस वर्षं पुढे नेऊन पुनर्जन्मापर्यंत गेली. आपल्या वर्षा उसगांवकर त्यात होत्या म्हणून गोव्यात ती पुष्कळ घरांत चवीने पाहिली गेली. जिने मध्येच सोडली ती लीपनंतर परतली तर तिला जवळपास नवीन मालिकाच मिळते, मागचं ओझं बरंचसं उतरतं.

एका भागाच्या आत

पूर्ण बघायच्या भागातही सगळं बघायचं नसतं. आरंभीचा मागील भागाचा सारांश ओळीने भाग बघणाऱ्याला नको असतो, पण तुमच्यासारख्याला तोच हवा, कारण न पाहिलेल्या कालच्या भागाचं सार तिथे मिनिटभरात मिळतं. पुढे एखादं गुपित फुटतं आणि कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जातो, मागे ढोल, मग परत पहिल्यापासून प्रत्येकाचा चेहरा, या वेळी काळ्या-पांढऱ्यात. तिथे दहा सेकंद पुढे जायचं बटण चार-पाच वेळा दाबा. कोणी ‘काहीतरी बोलायचं होतं’ म्हणालं की तेही ढकला, कारण ते या भागात बोलणार नाहीत. जुन्या प्रसंगांची धूसर चित्रं आली तर तेवढी थांबून बघा. लेखकाला पुढे जे लागणार आहे तेच तो आठवण करून देत असतो, आणि मधले भाग न बघितलेल्याला याहून सोपी शिकवणी नाही.

दीडपट वेगाची सोय तुमच्या ॲपमध्ये असेल तर कौटुंबिक मालिकांना ती चालते. संवाद संथ असतात, ऐकू नीट येतात. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मात्र त्या वेगाने कधी लावू नका. विनोदात थांबण्याच्या जागा असतात, त्या गेल्या की उरतात नुसती धावणारी माणसं. आणि खरं सांगायचं तर हास्यजत्रा गाठायची गोष्टच नव्हे. कुठलाही भाग कधीही लावा.

घरातलं माणूस

ॲप, यादी, तारखा सगळं ठीक, पण घरात कोणी नियमाने बघणारं असेल तर आधी त्यांना विचारा. आमच्या घरी हे खातं सासूबाईंचं. सकाळी आदोळीवर बसून नारळ खवताना विचारलं, “आई, काल काय झालं?” तर खवण्याचा हात न थांबवता त्या सांगतात, “तिला कळलं एकदाचं. पण गप्प बसली, मूर्ख. मी असते तर तिथल्या तिथे सांगितलं असतं.” यातून काय कळलं, कोणाला कळलं, कसं कळलं यातलं काहीच हाती लागत नाही. त्यांना घटना सांगायची नसते, निवाडा द्यायचा असतो. तेव्हा प्रश्न बारीक करा. “लग्न झालं का?” “तो घरी परत आला का?” “फाइल कोणाकडे आहे?” अशा हो-नाहीच्या प्रश्नांची त्या अचूक उत्तरं देतात, तारखेसकट. अर्ध्या वाटीचा नारळ खवून होईपर्यंत आठवडा गाठून होतो.

त्यांनी ज्या प्रसंगावर दोनदा तोंडसुख घेतलं, तो भाग आवर्जून बघण्यासारखा असतो हेही तेवढंच खरं.

पाऊस, वीज आणि रेंज

आपल्याकडे हा विषय टाळून चालत नाही. पर्यटनाचा मोसम ऑक्टोबरपासून, त्यामुळे हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या लोकांना खरी उसंत मिळते ती जून ते सप्टेंबर. मागच्या मालिका गाठायचा तोच काळ, आणि नेमकी तेव्हाच झाड तारांवर पडतं, वीज जाते, वायफाय जातं. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ वाड्यांवर तर भर उन्हाळ्यातही रेंजसाठी ओसरीच्या ठराविक कोपऱ्यात उभं राहावं लागतं.

उपाय एकच: डाउनलोड. वर्गणी असेल तर ॲपमध्ये भागाशेजारी खाली जाणाऱ्या बाणाचं चित्र असतं. रात्री झोपताना वायफायवर पाच-सहा भाग उतरवून ठेवा. चित्राचा दर्जा सगळ्यात कमी निवडा. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही आणि जागा कितीतरी कमी लागते. पाहून झालेले भाग लगेच पुसा. उतरवलेले भाग कायमचे राहत नाहीत, काही दिवसांनी ॲप ते उघडू देत नाही, म्हणून महिन्याभराचा साठा करण्यात अर्थ नाही. आणि घराबाहेर पडण्याआधी एक भाग लावून बघा. कधी कधी ॲप तुम्हाला लॉगइनमधून बाहेर काढून बसलेलं असतं आणि ते कळतं बसमध्ये, जिथे परत आत शिरायला ओटीपी यायला रेंज नसते.

पणजी-मडगाव बसच्या एका फेरीत शांतपणे दोन भाग होतात, वरच्या पद्धतीने बघितले तर आठवडाभराचा ऐवज. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला अडकणं कमी झालं, म्हणजे प्रवास सुखाचा आणि मालिकेला वेळ तेवढा कमी. इअरफोन मात्र लावाच. सासू-सुनेचं भांडण शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला ऐकवण्यात काही मौज नाही, आणि तोही तीच मालिका बघत असेल तर पुढे काय झालं ते सांगून मोकळा होईल.

मोबाइल नको असेल तर

डोळ्यांना त्रास होतो म्हणून ज्यांना टीव्हीच हवा, त्यांनी वाहिनीच्या पुनःप्रक्षेपणाच्या वेळा पाहून ठेवाव्यात. संध्याकाळच्या मालिका बहुधा रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपारी परत लागतात. रात्रपाळी करणाऱ्याला दुपारचं पुनःप्रक्षेपण ॲपपेक्षा सोयीचं पडतं. रिमोटवरच्या गाइडच्या बटणाने पुढच्या काही दिवसांच्या वेळा दिसतात. काही सेट-टॉप बॉक्सना रेकॉर्डिंग असतं. तुमच्या बॉक्सच्या मागे पेनड्राइव्हची खाच असेल तर केबलवाल्याला विचारा, ती शोभेची नसण्याची शक्यता आहे.

मराठी वाहिनी दिसतच नाही अशी तक्रार असेल, तर तुमच्या पॅकमध्ये ती घातलेली नसेल. २०१९ पासून ट्राय या नियामक संस्थेच्या नियमानुसार हवी ती वाहिनी सुटी घेता येते. केबलवाला मोठं पॅक गळ्यात मारत असेल तर सुट्या वाहिनीची किंमत विचारा. ती मासळी बाजारातल्या चार बांगड्यांहून कमी निघेल.

संपलेल्या मालिका: नवख्याने इथून सुरुवात करावी

गाठायची सवय नसलेल्याने चालू मालिकेच्या मागे धावण्याआधी एखादी संपलेली, आटोपशीर मालिका घ्यावी असं माझं मत आहे. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ जेमतेम वर्षभर चालली. अशा मालिकांत पाणी कमी असतं, कारण ताणायला वेळच मिळालेला नसतो. त्या ओळीने बघितल्या तरी चालतात.

आपल्या लोकांना मी नेहमी सुचवते ती ‘रात्रीस खेळ चाले’ ही भयमालिका. आकेरीचा वाडा, सावंतवाडीपासून जवळ, पेडण्याहून निघालात तर तासाभराच्या आतबाहेर. मालवणी बोलतात, म्हणजे आपल्याला खालच्या अक्षरांची गरज नाही. पण पर्वांचा क्रम नवख्याला गोंधळात टाकतो. पहिलं पर्व २०१६ चं, ते वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून सुरू होतं. दुसरं २०१९ चं, पण कथेत ते आधीचं: अण्णा जिवंत, त्यांची दहशत, त्यांची प्रेयसी शेवंता. तिसरं २०२१ चं, ते पुढचं. कथेच्या काळानुसार दुसरं आधी बघावं असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. पहिल्या पर्वात वाड्यात काय घडतंय हे न कळणं हीच मजा आहे. अण्णांची पूर्ण ओळख आधी झाली तर ती भीती अर्धी होते. पहिलंच आधी बघा. रात्री बघा असं सांगणार होते, पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

जुन्या मालिका बघताना दोन ठिकाणी अडखळाल, ते आधीच माहीत असलेलं बरं. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली आणि नवे भाग जुलैच्या मध्यापासून आले. त्यामुळे यादीत त्या महिन्यांची फट दिसली तर भाग गहाळ झालेले नाहीत. दुसरी जागा २०२१ च्या एप्रिल-मेची. महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले तेव्हा बरीच मराठी युनिटं गोव्यात उतरली. ऐन कथेत अख्खं कुटुंब अचानक कुठल्याशा बंगल्यात राहायला जातं, मागे माडाची झाडं, जांभ्या दगडाचा गडगा, आणि कोणी त्याचं धड कारण सांगत नाही. गोंयकाराला ते भाग वेगळ्याच कारणाने बघावेसे वाटतात: हा बंगला कोणत्या गावचा? ती हौस फार दिवस टिकली नाही. आपल्याकडेही साथ वाढली होती, मडगावच्या रवींद्र भवनात एका गाण्याच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणावरून गदारोळ झाला आणि मे महिन्यात परवानग्या रद्द झाल्या. कुटुंबं आली तशी परत गेली.

गाठल्यावर मागे पडू नये म्हणून

एका वेळी दोनच चालू मालिका ठेवा. तिसरी आवडली तर एक सोडा. आठवड्यातली एक ठरावीक वेळ ठरवा, रविवारी दुपारी जेवण झाल्यावरची झोप जाईल एवढंच. व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपवर मालिकेची चर्चा चालत असेल तर गाठून होईपर्यंत तो ग्रुप म्यूट करा.

टेलिग्रामवर किंवा भलत्याच साइटवर फुकट भाग मिळतात म्हणून कोणी लिंक पाठवली तर उघडू नका. तिथे भागाच्या आधी दहा जाहिराती उघडतात आणि त्यातली एखादी तुमच्याकडे कार्डाचा नंबर मागते. वाहिन्यांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर प्रोमो आणि छोटे तुकडे असतात, नुसता अंदाज घ्यायला तेवढे पुरतात.

आणि मालिका गाठून झाली, ॲपचं काम संपलं की वर्गणी आपोआप बंद होईल असं समजू नका. फोनवरून ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जात राहतात. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले त्यात ऑटोपेचा विभाग असतो. तिथे त्या ॲपचं नाव शोधून ते रद्द करा, आणि हे पुढच्या हप्त्याच्या तारखेच्या निदान दोन दिवस आधी करा.